शोध अगदीच साधा असेल तर पेटंट मिळतं का?

साधेपणाचा इथं काही संबंध नाही. नमुना बघून तुमचे भागीदार "हे तर कुणालाही सुचलं असतं" म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मला आमच्या दाजींनी ऐकवलंय, तेही माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझाच चहा पीत.

पातळ ब्राँझ बुश, म्हणजे छोटं पोकळ नळकांडं, लेथच्या तीन जॉच्या चकमध्ये, म्हणजे तीन जबड्यांच्या पकडीत, आवळला की दबतो. आतून बोअर मारताना, म्हणजे भोक कापताना, गोल, जॉ सोडले की तिकोनी. दाजींकडं असले बुश वर्षानुवर्षं भंगारात जायचे. मी फिक्स्चर, म्हणजे काम धरून ठेवायचं साधन, केलं: बुश बाजूनं आवळायचाच नाही, भांड्यात बसवून वरून टोपणानं दाबायचा, टोपण अर्ध्या फेरीत लॉक. दाजींनी ते हातात घेऊन दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "यात काय डोकं लागतं?" अहो, मग इतकी वर्षं ते डोकं कुठं ठेवलं होतं?

पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए) विचारतं ते वेगळंच. तुमचा शोध न बघता, अर्जाच्या तारखेआधी जे माहीत होतं तेवढ्यावरून, त्या कामातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? मिर्झापूरच्या भांडी कारखान्याचं, लेथवर भांडं पक्कं धरायच्या युक्तीचं पेटंट सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये असंच रद्द धरलं. म्हणे ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा. पण त्याच निकालात कसोटीला माणूस घेतलाय तो मुरलेला कारागीर, नुसता हातकाम्या नव्हे. हे मी दाजींना मुद्दाम वाचून दाखवलं.

माझा अर्जही टिकला नाही, ते सांगायलाच हवं. परीक्षकानं दोन जुनी पेटंटं काढली, एकात वरून दाबणं, दुसऱ्यात अर्ध्या फेरीचं लॉक. दोन्ही जोडणं उघड आहे म्हणाले. पटलं, सोडून दिलं. कागद पुढं ठेवून बोलणाऱ्याशी माझं भांडण नाही. तुमच्या भागीदारांनाही म्हणावं, जुना कागद दाखवा. गुगल पेटंट्सवर शोधायला पैसे पडत नाहीत.

मी टर्नर आहे, पेटंट एजंट नव्हे. औषधाचं काही असेल तर त्याच कायद्याचं कलम ३(डी), माहीत असलेल्या पदार्थाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणारं, आडवं येतं, त्यातलं मला विचारू नका. आणि अर्ज टाकण्याआधी नमुना चारचौघांत दाखवत फिरू नका.

दाजींच्या शॉपमध्ये आज तसली चार फिक्स्चर आहेत. परवा फोन आला होता, मोठ्या साइजचं जमेल का म्हणून.