एनएस-१ निगेटिव्ह, तरी डेंग्यू?

"एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. मग डॉक्टर डेंग्यू का म्हणतात?" एकोणीस वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट पुढे सरकवत आईने विचारलं. कार्ड टेस्ट (पट्टीवरची झटपट तपासणी) गुरुवारची, आयजीजी तेवढी पॉझिटिव्ह. लॅबच्या फॉर्मवर 'ताप : २ दिवस'.

खोदून विचारल्यावर कळलं, अंग रविवारीच तापलं होतं. पॅरासिटामॉलने उतरायचं, म्हणून ते दिवस कुणी धरलेच नाहीत. म्हणजे रक्त पाचव्या दिवशी घेतलेलं.

एनएस-१ हे विषाणूचंच प्रथिन. ते पहिल्या दिवसापासून सापडतं आणि पाचव्या दिवसानंतर ओसरत जातं. आयजीएम ही शरीराने बनवायची प्रतिपिंडं, ती दिसायलाच चौथा-पाचवा दिवस उजाडतो. मधल्या फटीत रक्त घेतलं गेलं तर दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात. त्यातून डेंग्यू दुसऱ्यांदा झालेला असेल तर एनएस-१ लवकर नाहीसं होतं, आयजीएम कमी निघतं, आयजीजी, म्हणजे संसर्गानंतर दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडं, मात्र सुरुवातीलाच उसळतात. (नुसती आयजीजी जुन्या आजाराचीही असू शकते, तिच्यावर निदान ठरत नाही.) म्हणून दोन दिवसांनी आयजीएम एलायझा (प्रयोगशाळेतली जास्त खात्रीची तपासणी) करायची ठरली. सरकारी नोंदीतही कार्ड नाही, एलायझाच धरतात.

आईचं बोट मात्र प्लेटलेटवर, ७२,००० वर. "पिशवी लावायची का?" रक्तस्राव नसेल तर सहसा १०,००० च्या खाली जाईपर्यंत नाही. तिला दाखवला तो पीसीव्हीचा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत त्याचा आकडा, ज्याकडे कुणी बघत नाही. गुरुवारी ४०, शुक्रवारी ४४. हाच ४८ झाला तर वाढ २० टक्के, म्हणजे रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतंय. आणि हे होतं ताप उतरताना, घरचे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घरात असेल तर बाजूला ठेवायचं.

शनिवारी ताप गेला आणि दुपारी पोट दुखू लागलं. सकाळपासून लघवीही नव्हती. पीसीव्ही ४८. आईने वेळ घालवला नाही. सलाइनवर दोन दिवसांत आकडा खाली आला, पिशवी लागली नाही. आयजीएम एलायझा पॉझिटिव्ह आली.

पुढच्याच आठवड्यात धाकटीला ताप भरला. या वेळी तपासणी एनएस-१ ची, आणि फॉर्मवर आईच्याच अक्षरात : 'ताप : आज पहाटे ४ पासून'.