पोटात गाठ आहे आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं पण चालू आहेत, चालेल का?

प्रश्न: डॉक्टर, माझे वडील 61 वर्षांचे, जठराचा कॅन्सर, ऑपरेशन अजून व्हायचंय, केमोच्या 3 सायकल झाल्यात. मागच्या आठवड्यात डावा पाय मांडीपर्यंत सुजला, डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) केलं तर शिरेत गुठळी निघाली. आता रोज सकाळ-संध्याकाळ पोटात इंजेक्शन देतोय. काका म्हणतात रक्त पातळ केलं तर आतली गाठ वाहायला लागेल, बंद करा. बाबांच्या पोटावर निळे-काळे डाग बघून मलाच रडू येतं. याऐवजी गोळी नाही का चालणार?

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, इंजेक्शन मनाने बंद करू नका. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. जठराच्या कॅन्सरमध्ये मुळातच रक्त लवकर गोठतं, ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1865 मध्येच हे लिहून ठेवलं होतं आणि पुढे ते स्वतः जठराच्याच कॅन्सरने गेले. त्यात केमो, अंथरुणावर पडून राहणं, पाणी कमी पिणं, सगळं मिळून धोका वाढतो. आणि रक्त पातळ होतं हे आपलं म्हणायचं झालं, ते काही पाण्यासारखं होत नाही, गुठळी वाढायची थांबते आणि शरीर तिला हळूहळू विरघळवतं.

काकांची भीती मात्र अगदीच खोटी नाही. गाठ अजून जठरातच आहे ना, म्हणूनच तुम्हाला गोळीऐवजी इंजेक्शन दिलं असणार, कारण नव्या गोळ्यांनी अशा पेशंटला पोटातून रक्तस्राव जास्त झालेला दिसलाय. जुनी वॉरफरिनची गोळी तर केमोच्या कॅपेसिटाबिन या औषधासोबत घेतली की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढून कुठल्या कुठे जातो. ऑपरेशननंतर गोळीचा विचार होऊ शकतो, पण जठर काढलं की काही गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, तेव्हा तेही ऑन्कॉलॉजिस्टनाच ठरवू दे.

आता तुमच्या हातातलं. इंजेक्शनचा डोस वजनावर असतो, एनॉक्सापॅरिन असेल तर साधारण किलोला 1 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि केमोत वजन भराभर उतरतं, म्हणून दर सायकलला वजन करून डॉक्टरांना सांगाच. सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) पण चुकवू नका, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 50,000 च्या खाली गेल्या तर त्याच दिवशी फोन करा, डोस कमी करायचा की थांबवायचा ते ते बघतील. सुई बेंबीपासून दोन इंच लांब, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि नंतर चोळायचं अजिबात नाही, ते निळे डाग बऱ्याचदा चोळण्यानेच वाढतात. अंगदुखीला मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन आणून देऊ नका.

शी डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, अचानक दम लागला, छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, ती चालू असेल तर तिथे आवर्जून सांगा. किती दिवस चालणार म्हणाल तर कमीत कमी 3 ते 6 महिने, आणि केमो चालू असेपर्यंत बहुतेक चालूच ठेवतात.