आधी रजिस्ट्रेशन, मग पीएचडी: ऑस्ट्रेलियाला निघालेल्या सिस्टरला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. नर्सिंग झालंय, मिरजेत आयसीयूत ड्युटी करतेस, वय २८. ऑस्ट्रेलियाला यायचंय, पण जन्मभर स्टाफ नर्स राहायचं नाही. शिकवायचंय, संशोधन करायचंय. मग पीएचडी भारतातच उरकून यावं, की आधी येऊन नोकरी धरावी? आणि घरचे म्हणतात, "नर्स ती नर्सच, तिकडे जाऊन काय प्रोफेसर होणार आहेस?"

आधी घरच्यांना लिंडा क्रिस्टजनसन यांच्याबद्दल सांग. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात नर्सिंगची पदवी आणि मास्टर्स, अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात पीएचडी, आणि पुढे देश सोडून ऑस्ट्रेलियात, पर्थला. तिथे त्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, प्रोफेसर होत्या. पुढे कर्टिन विद्यापीठात संशोधनाची जबाबदारी असलेल्या उपकुलगुरू झाल्या आणि २०११ ते २०२० या काळात मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठाच्या कुलगुरू. स्विनबर्न हे मुख्यतः तंत्रज्ञानाचं विद्यापीठ. इंजिनीअरिंग, डिझाइन, खगोलभौतिकी शिकवणाऱ्या सगळ्या प्राध्यापकांच्या वर बाहेरून आलेली एक नर्स बसली होती. इथे ऑस्ट्रेलियात कुलपती विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असतात. बजेट, नेमणुका, रोजचा कारभार कुलगुरूच्या हातात. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली नर्सिंगची कॉलेजं भरपूर आहेत, पण त्या खुर्चीवर आजवर डॉक्टरच आले. मला हे मनापासून खटकतं, आणि तुझ्या घरच्यांना नर्स कुलगुरू झालेली कल्पनेत येत नाही त्याचं एक कारण हेच आहे.

पण त्या खुर्चीपेक्षा त्यांचं संशोधन तुझ्या जास्त कामाचं आहे. फॅमकेअर नावाची २० प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, १९९३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली. कॅन्सर बळावलेल्या पेशंटच्या घरच्यांना ती विचारते की मिळालेल्या सेवेबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात: दुखणं आटोक्यात ठेवण्याबद्दल, पुढे काय होणार याची जी माहिती मिळाली तिच्याबद्दल, तुमच्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांबद्दल, गरज पडली तेव्हा नर्स भेटण्याबद्दल. आता तुझ्या आयसीयूचं दार आठव. रात्री दोन वाजता चटईवरून उठून कुणीतरी येतं आणि विचारतं, "सिस्टर, आमचा माणूस कसा आहे?" तू दोन वाक्यं सांगतेस, तो मान हलवतो, परत जाऊन बसतो. त्याला काय कळलं, काय कळलं नाही, हे आपण कुठे लिहून ठेवतो का? क्रिस्टजनसन यांनी ते मोजायची रीत बसवली. असा प्रश्न वॉर्डात उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

दुसऱ्या पॅट्रिशिया डेव्हिडसन. त्यांचा विषय हृदयविकार: हार्ट फेल्युअरचे पेशंट आणि स्त्रियांचं हृदय. वोलाँगाँगच्या माजी विद्यार्थिनी, सिडनीत प्रोफेसर, २०१३ पासून बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या नर्सिंग स्कूलच्या डीन, आणि २०२१ मध्ये वोलाँगाँगलाच परत, त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू म्हणून. २०२४ पर्यंत त्या तिथे होत्या. (याच विद्यापीठाने गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत शाखा काढली आहे.) मी कार्डिॲक वॉर्डात काम करते, म्हणून त्यांचा विषय मला रोज दिसतो. हार्ट फेल्युअरच्या आजीला डिस्चार्ज देताना आम्ही सांगतो, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करा. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. मग कळतं की घरी वजनकाटाच नाही, किंवा आहे पण आकडे दिसत नाहीत. आजी पाय सुजून पुन्हा दाखल होतात. गोळी बरोबर दिलेली असते. चुकतं ते घर आणि हॉस्पिटल यांच्या मधलं काहीतरी. नर्सिंगचं बरंचसं संशोधन याच मधल्या जागेत चालतं.

या दोघींचा काळ मात्र लक्षात घे. ऑस्ट्रेलियात नर्सिंगचं शिक्षण हॉस्पिटलमधून कॉलेजात गेलं ते १९८० च्या दशकात. न्यू साउथ वेल्समध्ये १९८५ पासून. विद्यापीठांना पीएचडी झालेल्या नर्स एकदम हव्या झाल्या. आज मात्र स्पर्धा आहे. शिवाय इंग्रजी त्यांच्या घरचंच होतं. तुला दोन पायऱ्या जास्त चढायच्या आहेत.

आता तुझा खरा प्रश्न. माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी रजिस्ट्रेशन आणि वॉर्ड, मग पीएचडी. कारण हिशेबाचं आहे. पॉइंट्सवरच्या व्हिसात २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, आणि ४५ नंतर दार बंद. पदवीला १५ गुण, पीएचडीला २०. म्हणजे भारतात पाच-सहा वर्षं घालून पीएचडी केलीस तर शिक्षणाचे पाच गुण वाढतील आणि वयाचे पाच जातील. तेवढ्यात इथे कायम वास्तव्य मिळालं, तर संशोधनाच्या पीएचडीची फी सहसा भरावी लागत नाही. वर मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती २०२५ मध्ये वर्षाला कमीत कमी ३३,५११ ऑस्ट्रेलियन डॉलर होती. ती मिळवायला चुरस असते आणि तेवढ्यात सिडनीत घरभाडं भागवणं जड जातं, म्हणून बऱ्याच जणी आठवड्याला एक-दोन शिफ्ट करतात. वॉर्डाशी नातंही त्यामुळे टिकतं.

रजिस्ट्रेशनसाठी आप्राकडे, म्हणजे इथे नर्स-डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, ऑनलाइन सेल्फ-चेक कर. भारतातल्या पदवीला साधारण दोन परीक्षा लागतात: एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरची परीक्षा, जी भारतातल्या केंद्रावर देता येते, आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, जिच्यासाठी इथे यावंच लागतं. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ हवेत. लिहिण्याची अट २०२५ मध्ये ६.५ वर आणली आहे. व्हिसासाठी एएनमॅक या नर्सिंगच्या संस्थेकडून पात्रतेचं मूल्यमापन वेगळं. नाशिक विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि गुणांची अधिकृत नोंद) आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं पडताळणीपत्र यांना आजच अर्ज टाक, बाकीचं सगळं त्यांच्यावर अडतं.

आल्यावर पहिली दोन वर्षं फक्त वॉर्ड कर. इथे नर्स डॉक्टरांना थेट अडवते, "हा डोस मला बरोबर वाटत नाही" म्हणते, आणि कुणी रागावत नाही. ते बोलणं अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि संशोधनात तेच लागतं. मग क्लिनिकल नर्स एज्युकेटरच्या, म्हणजे वॉर्डात नर्सना शिकवणाऱ्या नर्सच्या, जागा बघ. विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवायला विद्यापीठं तात्पुरत्या नेमणुका करतात, तिथूनही सुरुवात होते. रजिस्ट्रेशन टिकवायला पाच वर्षांत ४५० तासांचं काम दाखवावं लागतं, त्यात शिकवणं आणि संशोधनही धरलं जातं.

आणि मिरजेतच आहेस तोवर एक वही कर. पेशंट कशामुळे परत आला, नातेवाइकांनी काय विचारलं, कोणती सूचना कुणालाच कळली नाही, हे नाव न लिहिता रोज दोन ओळी. पीएचडीसाठी गाइड बघायला जाशील तेव्हा गाइड तुला पहिलं विचारतील की तुझा प्रश्न काय आहे.