केबल बदलून तीन आठवड्यांत छत फाटलं, आता गॅरेजवाले म्हणतात अख्खं छत बदला

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सेकंडहँड कन्व्हर्टिबल, म्हणजे घडी होऊन उघडणाऱ्या कापडी छताची गाडी घेतली, उजव्या दाराच्या वरचं कापड वेगात फडफडायला लागलं म्हणून गॅरेजला नेली, त्यांनी सांगितलं छताच्या बाजूच्या केबल झिजल्यात, दोन्ही बदलतो. बिल झालं, तुम्ही पैसे भरले, आणि तीन आठवड्यांनी छत उघडताना त्याच बाजूचं कापड फ्रेममध्ये अडकून टरकन फाटलं. आता तेच गॅरेज म्हणतंय की कापडच जुनं होतं, अख्खं छत नवीन घ्या, शिवाय खोलून तपासल्याचे पैसे द्या, तोवर गाडी सोडणार नाही. वॉरंटीवाल्यांनी "वेअर अँड टेअर" (वापराने झालेली झीज) म्हणून क्लेम नाकारला. तुम्ही विचारताय हा खर्च मी का करायचा, आणि गाडी अशी अडवता येते का.

सगळ्यात आधी एक सांगते, छत बदलायला होकार देऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुमची सगळी केस त्या फाटलेल्या कापडात आणि त्या केबलमध्ये आहे, जुनं छत एकदा काढून भंगारात गेलं की उरतं फक्त तुमचं म्हणणं आणि त्यांचं म्हणणं. माझ्याकडे एक जण अशाच भांडणात आले होते, पार्ट वेगळा होता, पण गॅरेजने तो "टाकून दिला" आणि आम्हाला शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही की तो नीट बसवलाच नव्हता. ते मला अजून लागून राहिलंय म्हणून इतकं निक्षून सांगतेय.

आता ही केबल करते काय ते बघू, कारण कायदा इथेच लागू होतो. सॉफ्ट टॉपच्या, म्हणजे अशा कापडी छताच्या दोन्ही कडांना, दारांच्या काचेच्या बरोबर वर, कापडाच्या शिवलेल्या नळीतून एकेक बारीक पोलादी तार पुढून मागे जाते आणि बऱ्याच गाड्यांत तिच्या एका टोकाला स्प्रिंग असते. छत घडी होताना ही ताणलेली तार कापडाची कड आत खेचून धरते, म्हणजे कड फ्रेमच्या बिजागरीत सापडत नाही. तार तुटली, टोकाचा हूक सुटला किंवा स्प्रिंग सैल पडली की कड लोंबते, बिजागरी तिला कात्रीसारखी पकडते आणि दर वेळी थोडं थोडं कुरतडत एक दिवस फाडते. (काही गाड्यांत मोटरकडून दोन्ही बाजूंना फिरणारी ड्राइव्ह केबल वेगळी असते, ती गेली की छत तिरपं चढतं, तुमचं लक्षण तसं दिसत नाही.)

म्हणून फाटलंय कुठे हे नीट बघा. दाराच्या वर, बिजागरीच्या समोर, बोटभर लांब आणि कडेला ग्रीसचा किंवा चिमटा बसल्याचा काळा वळ असेल तर ते कड सापडल्याचं लक्षण आहे. कापड वयामुळे गेलं असतं तर घडीच्या रेषांवर भेगा दिसल्या असत्या, शिवण उसवली असती, मागच्या काचेच्या कडेला सुटलं असतं, एकाच ठिकाणी नाही. हे मी वकील म्हणून सांगतेय, मेकॅनिक म्हणून नाही, त्यामुळे गाड्यांचं अपहोल्स्टरी काम करणारा दुसरा कारागीर बघून दोन ओळी लिहून सही करून देईल तर फार उपयोग होईल. त्याने तीनच गोष्टी बघायच्या, दोन्ही केबल खरंच नवीन आहेत का, स्प्रिंग जुनीच ठेवली का, आणि उजवीकडचा ताण डावीकडच्या इतका आहे का. बिलावर दोन केबल लिहिल्यात आणि आत एकीच्या तारेचे पदर उलगडलेले आणि गंज चढलेला निघाला तर मग बोलायलाच नको.

कायद्यात याला सेवेतली त्रुटी म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) मध्ये कामाच्या दर्जात आणि पद्धतीत राहिलेली उणीव येतेच, आणि ग्राहकाला महत्त्वाची माहिती मुद्दाम न सांगणंही येतं. हा दुसरा भाग तुमच्या कामाचा आहे. ते आता म्हणतात कापड आधीपासून कमकुवत होतं, मग केबल बदलताना त्यांनी तेच कापड हातात धरून कड सोडवली होती ना, तेव्हा दिसलं असेल तर सांगितलं का नाही? जॉब कार्ड (गाडी कामाला घेताना गॅरेज भरतं तो कागद) काढा आणि बघा कापडाबद्दल एक शब्द तरी लिहिलाय का. नसेल तर आजचं त्यांचं बोलणं त्यांच्याच कागदाशी जुळत नाही.

गाडी अडवण्याबद्दल मात्र मला तुम्हाला आवडणार नाही असं सांगावं लागतंय. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च केलंय त्याला त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. पण फक्त त्या कामापुरता, पुढे छत बदलाच म्हणून दबाव टाकायला नाही. म्हणून त्यांच्याकडून खोलल्याचं वेगळं बिल लेखी मागा, तुम्ही त्या तपासणीला हो म्हटलं होतं का ते आठवा, आणि रक्कम फार नसेल तर ती "हक्क राखून, निषेध नोंदवून" भरतेय असं बिलावर आणि व्हॉट्सॲपवर लिहून गाडी बाहेर काढा. पैसे नंतर परत मागता येतात, पण गाडी त्यांच्या आवारात पावसात भिजत राहिली तर आतल्या सीट आणि वायरिंगचं नुकसान कोणाचं यावर आणखी एक भांडण उभं राहील. तशी तिथे असेपर्यंत स्वतःच्या वस्तूसारखी काळजी घेणं कलम १५१ प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, हेही गॅरेजला पाठवायच्या पत्रात लिहा. गाडी घेताना "काम समाधानकारक" छापलेल्या कागदावर सही करू नका.

गाडी घरी आली की छत उघडझाप एकदम बंद. पुरावा जपायचा म्हणून गाडी भिजू द्यायची असं नाही हं, करार कायद्याच्या कलम ७३ खाली तुम्ही नुकसान वाढू न देण्यासाठी हातातले साधे उपाय केले का हेही बघितलं जातं. आधी फोटो, व्हिडिओ, दुसऱ्या कारागिराची पाहणी, मग वरून कव्हर किंवा आतून तात्पुरता पॅच, आणि फोन बदलला तरी मूळ फाइल जपा.

किती मिळेल? तुम्ही अख्खं नवीन छत मागाल हे मला समजतंय, पण जुन्या कापडाच्या जागी कोरं कापड फुकट मिळेल असं धरून चालू नका, झिजेची वजावट होऊ शकते. शिवाय अख्खं छत हा एकच उपाय नसतो. फाटलेलं लहान असेल तर पॅच लागतो, नाहीतर फ्रेम तीच ठेवून फक्त कापड बदलता येतं, फ्रेम वाकली असेल तरच पूर्ण असेंब्ली, म्हणजे फ्रेमसकट अख्खं छत. तिन्हींचे लेखी एस्टिमेट दोन ठिकाणांहून घ्या. माझ्या मते तुमची रास्त मागणी अशी आहे, दोन्ही केबल आणि स्प्रिंग पुन्हा मोफत, कापडाच्या दुरुस्तीचा खर्च त्यांचा, आणि पॅच टिकणारच नाही असं तज्ज्ञ म्हणाला तर कापड बदलण्याच्या खर्चात त्यांचा मोठा वाटा. आधी हेच लेखी मागा, उत्तराला पंधरा दिवस द्या, काढलेल्या जुन्या केबलही त्याच पत्रात मागा.

नाहीच ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं (ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ६९). गाडी भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी वापरत असाल तर आधी मला सांगा, मग ग्राहक म्हणून उभं राहण्यातच अडचण येऊ शकते.

वॉरंटीवाल्यांचा नकार लेखी घेऊन ठेवा, पण जोर तिथे लावू नका, झीज वगळल्याचं कलम बहुतेक पॉलिसीत असतं. जुन्या मालकाच्याही मागे लागू नका, त्यांनी घरची गाडी विकली, तो त्यांचा धंदा नव्हता, आणि फाटलंय ते गॅरेजच्या कामानंतर.

फाटलेल्या जागेचा फोटो पाठवाल तेव्हा दाराची वरची कड आणि बिजागरी दोन्ही त्यात येऊ द्या, शेजारी मोजपट्टी धरा, आणि तसाच एक फोटो डाव्या बाजूचाही काढा.