सगळं ॲक्रिलिकच, मग चित्रं इतकी वेगळी कशी?

प्रश्न: नुकतंच एक ग्रुप एक्झिबिशन बघितलं. जवळजवळ सगळ्या चित्रांखाली ‘ॲक्रिलिक ऑन कॅनव्हास’ लिहिलेलं, पण एक वॉटरकलरसारखं पातळ, शेजारचं अगदी ऑइल वाटावं असं, आणि एकात तर रंगाचे उंचवटे हाताला लागतील इतके वर आलेले. एकाच रंगातून हे सगळं होतं? आणि मी स्वतः ऑइल करते, जुन्या ऑइलच्या चित्रावर ॲक्रिलिकने काम केलं तर चालेल का?

उत्तर: हो, एकाच रंगातून होतं. ट्यूबमध्ये रंगाची पूड असते आणि तिला धरून ठेवणारं ॲक्रिलिकचं बाइंडर, ते पाण्यात बारीक कणांच्या रूपात असतं. पाणी उडालं की हे कण एकमेकांना चिकटून सलग थर होतो आणि तो परत पाण्याने सुटत नाही. वॉटरकलरमध्ये वरचा वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, देताना खालचा रंग हलायची भीती असते, इथे तो वाळला की पक्का, त्यामुळे एकावर एक कितीही पारदर्शक थर देता येतात आणि खालचे सगळे दिसत राहतात. तुम्ही बघितलेलं पातळ चित्र बहुधा असंच झालं असणार. जाड हवं असेल तर जेल मीडियम, म्हणजे रंगाची पूड नसलेलं घट्टसर बाइंडर, घालतात, उंचवट्यांसाठी मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे वाळून कडक होणारा जाड लगदा, आणि ती वाळली की वरून परत रंग. फक्त नुसतं पाणीच ओतत राहिलं तर बाइंडर विरळ होतं आणि रंगाची पकड सुटते, म्हणून खूप पातळ करायचं तर पाण्यासोबत मीडियमही घालावं.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचं १९६७ चं ‘अ बिगर स्प्लॅश’ बघा, तेही ॲक्रिलिकच. सपाट भाग रोलरने लावलेले आणि पाण्याचा तो क्षणभराचा उडालेला फवारा मात्र छोट्या ब्रशने जवळजवळ दोन आठवडे बसून काढलेला. म्हणजे एकाच कॅनव्हासवर दोन टोकं! मला स्वतःला असं काम जास्त आवडतं, नुसती ऑइलची नक्कल करणाऱ्या ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी जास्त, कारण या रंगाचं पटकन वाळणं तिथे खरंच उपयोगी पडलेलं असतं.

पण तेच पटकन वाळणं ब्लेंडिंगला फार त्रास देतं, आकाशातल्या हळूहळू बदलत जाणाऱ्या छटा करताना ब्रश फिरेपर्यंत रंग धरलेला असतो. रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारं द्रव्य, घालून थोडा वेळ मिळतो, ऑइलइतका नाही. शिवाय ओलं असताना बाइंडर दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे रंग जरा गडद होतो, ऑइलमधून येणाऱ्यांची सुरुवातीला इथेच फसगत होते. आणि ब्रश लगेच धुवा, आत रंग वाळला तर ब्रश गेलाच.

पुढच्या वेळी एक्झिबिशनला गेलात की चित्राच्या बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात बघा, कुठे वॉश आहे, कुठे पेस्ट, कुठे चकाकी बदलते ते लगेच कळेल.

आता तुमचं जुनं चित्र. ऑइलवर ॲक्रिलिक लावू नका, तेलकट थरावर त्याला पकड मिळत नाही, पुढेमागे पापुद्रे निघतात. उलटं चालतं, आधी ॲक्रिलिकने पटापट बेस टाकायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग वर ऑइल. फक्त खालचा थर फार गुळगुळीत आणि चकचकीत ठेवू नका.