कॉलेजात छोटा उपग्रह बनवायचाय, पाच टीममध्ये काम कसं वाटावं?

तुम्ही लिहिलंय की स्ट्रक्चर, पॉवर, कम्युनिकेशन, ऑनबोर्ड कॉम्प्युटर आणि दिशानियंत्रण अशा पाच टीम केल्यात, सगळ्यांना सहा महिने दिलेत आणि मग सगळं जोडणार. वाटणी ठीक आहे. तो 'मग' तेवढा काढून टाका.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात अशाच टीममध्ये अडीच वर्षं होतो, पॉवरला. आमचा उपग्रह टेबलावरून पुढे गेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे पाचही बोर्ड एकेकटे झकास चालायचे. जोडले, तर कॉम्प्युटरला एकही सेन्सर दिसेना. दोन रात्री कोडवर संशय घेण्यात गेल्या. शेवटी एकीने पॉवर बंद करून डेटा लाइन आणि ३.३ व्होल्टची लाइन यांच्यात मल्टिमीटर धरला, तर जेमतेम ४४० ओम. आय-टू-सी बसला, म्हणजे सगळ्या चिप ज्यावरून एकमेकींशी बोलतात त्या सामायिक तारांना, पुल-अप रेझिस्टर (लाइन एरवी वर, ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा) लागतो, पण तो अख्ख्या बसला मिळून एकदाच. आमच्या प्रत्येक टीमने आपापल्या बोर्डवर २.२ किलोओमचा बसवला होता, कारण त्याशिवाय सुट्या बोर्डची टेस्टच होत नव्हती. पाच समांतर आले, म्हणजे लाइन खाली ओढायला चिपने साडेसात मिलिअँपिअर झेलायचे. बऱ्याच चिप तीनचीच हमी देतात. आमटीत पाच जणींनी मीठ घातलं होतं. चार बोर्डांवरचे काढले आणि बस चालू झाली. गंमत म्हणजे चूक एकाही टीमची नव्हती.

म्हणून पहिल्या आठवड्यात बोर्ड नाही, सांध्यांचा, म्हणजे बोर्ड एकमेकांना जिथे जोडतात त्या जागांचा, कागद करा. कोणत्या कनेक्टरच्या कितव्या पिनवर काय, किती व्होल्ट, जास्तीत जास्त किती करंट, कोणाचा पत्ता कोणता, पुल-अप कोणाकडे, बोर्डवरचा सगळ्यात उंच पार्ट किती मिलिमीटर. कागद एकाच माणसाच्या ताब्यात. व्हॉट्सअॅपवर 'पिन ७ बदलतोय रे' असं कोणी टाकलं तर तो बदल झालाच नाही असं समजायचं. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून साधे कनेक्टर आणा आणि अर्धेकच्चे बोर्ड पहिल्या महिन्यापासून टेबलावर जोडून ठेवा. याला फ्लॅटसॅट म्हणतात. दिसायला भंगार असतं, पण भांडणं तिथेच मिटतात.

वजन आणि वीज यांचा हिशेबही त्याच माणसाकडे. साधारण ५०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती एक फेरी ९५ मिनिटांची, त्यात ३५ मिनिटांपर्यंत सावली, म्हणजे सौर पॅनेलला काही नाही. १० सेंटिमीटरच्या ठोकळ्याला सरासरी दोनेक वॅट मिळाले तरी खूप, आणि प्रत्येक टीमला 'फक्त एक वॅट' हवा असतो! इथे पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी बनवलेल्या 'स्वयम्' उपग्रहाकडे बघा. एक किलोच्याही आत वजन, २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. दिशा धरायला त्यात कायमचे चुंबक होते, जे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेतात आणि वीज मागत नाहीत. दिशावाल्यांच्या एका निर्णयाने पॉवरवाल्यांचं ओझं उतरतं, ते असं.

'स्वयम्'चं काम २००८ मध्ये सुरू झालं होतं. म्हणजे मुलांच्या कितीतरी बॅच आल्या आणि गेल्या. तुमच्या यादीत नसलेला सांधा हाच, जुन्या आणि नव्या बॅचमधला. आम्हाला आधीच्या बॅचकडून मिळालेल्या ड्रॉइंगमध्ये एका कोपऱ्यातला स्क्रू बाकीच्यांपेक्षा आखूड दाखवला होता. टायपिंगची चूक असेल म्हणून आम्ही सगळीकडे सारखेच लावले. तो स्क्रू बॅटरीच्या कव्हरला टेकला; नशीब, आत चार्ज नव्हता. आखूड का, हे ज्याला माहीत होतं तो तोवर बंगळुरूला नोकरीला लागला होता. त्याला फोन केला, आणि आता त्या ड्रॉइंगवर पेनाने लिहिलंय, 'खाली बॅटरी आहे.'