खिशातला की म्यानातला? चाकूबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रेकच्या सॅकबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की सॅकमधे एक बरा चाकू असू द्या. झालं. सगळ्या लेखावर आली नसतील एवढी पत्रं त्या एका वाक्यावर आली. निम्म्या लोकांना तो चाकू रोजच जवळ ठेवायचाय, आणि सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय, घडीचा घ्यायचा की म्यानातला, म्हणजे फोल्डिंग की फिक्स्ड. त्यातली काही पत्रं इथे घेतो.

काका, मी पुण्यात आयटीत आहे, महिन्यातून एक-दोन ट्रेक होतात. एकच चाकू घ्यायचाय, ऑफिसच्या बॅगेत पण राहील आणि गडावर पण चालेल असा. एक मित्र म्हणतो फिक्स्डच घे, फोल्डिंग म्हणजे खेळणं. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय.

व्हिडिओ बंद कर आणि मला एवढंच सांग, गेल्या महिन्यात तू चाकूने काय काय कापलंस? खरं सांग हां. पार्सलची टेप, दुधाची पिशवी, संत्रं, काकडी, सॅकच्या पट्ट्याचा सुटलेला धागा, आणि फार फार तर तंबूची नायलॉनची दोरी. यातल्या एकाही कामाला फिक्स्ड चाकू लागत नाही.

तुझा मित्र चुकीचं बोलतोय असं नाही. चांगल्या फिक्स्डमधे पात्याचं पोलाद मुठीच्या आतून थेट शेवटापर्यंत गेलेलं असतं, मधे सांधा नाही की खिळा नाही, त्यामुळे तो दणकट असतोच. पण तो दणकटपणा कशासाठी, तर पात्याच्या पाठीवर दांडकं हाणून लाकडं फोडायला. ते व्हिडिओतले लोक थंडीच्या देशातल्या जंगलात शेकोटी पेटवत असतात रे. आपल्याकडे गडावर मुक्काम म्हणजे बहुतेक वेळा खालच्या वाडीतल्या मावशींकडे पिठलं-भाकरी, आणि वनखात्याच्या जंगलात लाकूड तोडणं हा गुन्हा आहे ते वेगळंच. म्हणजे ज्या गुणासाठी फिक्स्ड घ्यायचा तो गुण वापरायची वेळच येत नाही, आणि ऑफिसच्या बॅगेतून म्यानातली सुरी बाहेर निघाली की शेजारचा खुर्ची सरकवून बसणार.

तेव्हा तू फोल्डिंग घे. पण फोल्डिंगमधे दोन जाती आहेत आणि तो फरक मी बोट कापून शिकलोय. एक बिनलॉकची, आपला नेहमीचा लाल स्विस चाकू असतो ना तशी, तिच्यात पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. दुसरी लॉकवाली. कोंढाणे लेण्यांच्या वाटेने राजमाचीला चाललो होतो, बरोबरच्या एकाच्या सँडलचा पट्टा तुटला, त्याला नवीन भोक पाडायचं म्हणून मी बिनलॉकच्या चाकूचं टोक पट्ट्यावर टेकवलं आणि जोर लावला. टोक रबरात रुतलं, माझा हात जरा वाकडा झाला आणि पातं मिटलं ते सरळ माझ्या तर्जनीवर. रक्त थांबायला पाऊण तास लागला. अजून बोट वाकवलं की त्या पेराशी कातडी ओढल्यासारखी वाटते. चाकूचा काही दोष नव्हता, बिनलॉकचं पातं कापायला असतं, टोचायला नसतं.

लॉकमधे लायनर लॉक सगळीकडे मिळतो, मुठीच्या आत एक पत्र्याची पट्टी असते ती पातं उघडलं की सरकून त्याच्या बुडाशी येऊन बसते. विकत घेताना दुकानातच बघ, पट्टी नीट आत येऊन टेकली पाहिजे, नुसती कडेला चिकटलेली नको. मग सगळी बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूच दाब, हललं तर तिथेच परत दे. मी ऑनलाइन एक मागवला होता, फोटोत काय सुंदर लाटालाटांचं पातं, हातात आल्यावर या दाबात लगेच मिटला. आता कपाटात पडून आहे, फक्त लोकांना दाखवायला. साधं आणि भरवशाचं काही हवं असेल तर फ्रान्सचा ओपिनेल बघ, १८९० सालापासूनचा लाकडी मुठीचा चाकू आहे, आणि १९५५ पासून त्याला मानेशी एक फिरती कडी असते, ती फिरवली की पातं पक्कं. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, आपल्या कामांना पुष्कळ. एकच, लाकूड पावसात फुगतं आणि चाकू उघडता उघडत नाही, जुलैत तो घेऊन गडावर गेलास तर मला शिव्या देऊ नकोस.

आणि हो, पातं पातळ घे, दोन-अडीच मिलिमीटर. दिसायला जाडजूड चार मिलिमीटरची पाती असतात ना, ती काकडी कापत नाहीत, तडकवतात, कट् असा आवाज होऊन फाक उडते आणि मिठाच्या पुडीत जाऊन पडते.

आमची देवरुखजवळ आंबा-फणसाची बाग आहे. मिस्टरांनी मुंबईहून चांगला फोल्डिंग चाकू आणून दिला पण फणस कापल्यापासून तो उघडतच नाही नीट. फेकून देऊ का?

ताई, फेकू नका. फणसाचा चीक सांध्यात गेलाय, बाकी काही झालेलं नाही. पाण्याने तो ढिम्म हलायचा नाही, तुम्ही हाताला खोबरेल लावता ना फणस फोडताना तेच औषध चाकूला पण. सांध्यात खोबरेल सोडा, अर्धा तास ठेवा, मग कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन सांधा उघडमीट करत घासा. खडखडीत वाळवा, आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फक्त सांध्यात, पात्याला नको. खोबरेल तसंच ठेवलंत तर धूळ धरून परत चिकट होतं.

पण खरं सांगू का, बागेत तुम्हाला फिक्स्डच पाहिजे, आणि हे सांगायला मी कोण, तुमच्याकडे कमरेच्या आकडीला कोयती अडकवून हिंडणारी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत, हाताला येते, एका हाताने निघते, चिकाने माखली तरी पुसून परत अडकवायची. घडीच्या चाकूला बऱ्याचदा दोन हात लागतात आणि बागेत दुसऱ्या हातात कायम काहीतरी असतं, फांदी नाहीतर दोरी नाहीतर शिडी. कोयती जिथे मोठी पडते, म्हणजे केळीचं पान, सुंभ, खताच्या गोणीची शिवण, तिथे दहा सेंटिमीटरच्या पात्याची म्यानातली सुरी ठेवा. तुमच्याकडची हवा खारट, म्हणून स्टेनलेस घ्या. कार्बन स्टीलला धार झकास येते, पण कैरी एकदा कापली की ते काळं पडतं आणि पावसाळ्यात दोन दिवस विसरलात तर गंज. म्यान प्लास्टिकचं आणि खाली भोक असलेलं, म्हणजे पाणी निथळतं. चामड्याचं म्यान दिसायला देखणं, पण श्रावणापर्यंत त्यावर बुरशीची लव येते आणि आतलं पातं ओलंच राहतं.

डोंबिवलीहून लिहितेय. मुलगी रात्री साडेदहाच्या लोकलने येते. स्वसंरक्षणासाठी तिच्या पर्समधे छोटा चाकू ठेवावा का, आणि कायद्याने चालतं का?

दोन प्रश्न आहेत, कायद्याचा आधी घेतो. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरकाम, शेती, उद्योग यासाठी बनवलेले त्यातून वगळलेत, म्हणून तर आपल्या कोयत्या-सुऱ्यांना लायसन लागत नाही. म्हणजे फळं कापायचा छोटा चाकू त्या यादीत येत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला, मोर्च्यांच्या काळात मनाई आदेश निघतात, पेपरात कोपऱ्यात छोटी बातमी येते आपण वाचत नाही, त्यात तलवारी-भाल्यांबरोबर चाकू-सुऱ्या घेऊन फिरायलाही बंदी असते. आणि बॅग तपासली तर पोलीस पहिलं विचारतो, हा कशाला? डब्यात पेरू आहे आणि त्याच्याशेजारी चाकू, हे उत्तर झालं. 'कोणी अंगावर आलं तर' हे उत्तर तुमच्याच विरुद्ध जातं.

आता दुसरा. ताई, नका ठेवू. गर्दीच्या डब्यात पर्सची चेन उघडून, तळाशी हात घालून, चाकू शोधून, दोन हातांनी उघडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि ज्याने कधी चाकू चालवला नाही त्याच्या हातून तो हिसकावला जायला वेळ लागत नाही. हे फोल्डिंगचं तसंच फिक्स्डचं. तिच्या फोनवर ११२ आणि रेल्वेचा १३९ वर ठेवा, किल्लीच्या जुडग्याला शिट्टी लावा, आणि रात्री मोकळ्या डब्यापेक्षा जिथे चार बायका बसल्यात तिथे बस म्हणावं.

मुलगा सप्टेंबरमधे लंडनला शिकायला चाललाय. त्याला निघताना चांगला मल्टीटूल (पक्कड, चाकू, स्क्रूड्रायव्हर सगळं एकात) भेट द्यायचा विचार आहे, लॉकवाला, तुम्ही सेफ म्हणता तसा.

अहो थांबा, तिथे बरोबर उलटं आहे! इंग्लंडमधे कारणाशिवाय बाहेर जवळ बाळगता येतो तो फक्त बिनलॉकचा, घडीचा, आणि धार तीन इंचापर्यंतचा चाकू. लॉक असला की तिथली कोर्टं त्याला घडीचा मानतच नाहीत, तो फिक्स्डच्या रांगेत जातो आणि मग योग्य कारण तुम्ही दाखवायचं. आपण बोटाची काळजी करून लॉक घेतो आणि तिकडे त्याच लॉकपायी पोरगं पोलीस स्टेशनात. बहुतेक चांगल्या मल्टीटूलना हल्ली लॉक असतोच, म्हणून ९१ मिलिमीटरवाला, कात्री असलेला स्विस चाकू द्या. त्यात लॉक नाही, पातं तीन इंचाच्या आत, शिवाय बाटलीचं ओपनर, कात्री आणि दाढेत अडकलेलं काढायची काडी. होस्टेलवर सगळ्यात जास्त कात्रीच वापरली जाते, लिहून ठेवा. तरी शाळा, कोर्ट, स्टेडियम अशा ठिकाणी तोही न्यायचा नाही असं त्याला बजावा. आणि विमानात चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिन बॅगेत राहिला तर भेट मुंबई एअरपोर्टवरच्या डब्यात जाईल.

आजोबांच्या ट्रंकेत रामपुरी सापडला. कड-कड-कड आवाज करत उघडतो. रोज वापरला तर चालेल का? (संभाजीनगर)

तो आवाज ऐकायला मी तुझ्या घरी येईन, पण खिशात घालून बाहेर पडू नकोस. पात्याच्या बुडाशी दाते असतात आणि स्प्रिंगचं टोक एकेका दात्यात पडत जातं, म्हणून ते कडकड. रामपूरच्या लोकांना त्याचा एवढा अभिमान की २०२३ साली त्यांनी चौकात भलामोठा चाकू उभा केला. पण दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने असे गरारीचे (म्हणजे दात्यांचे) आणि बटण दाबून उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ किंवा जास्त रुंद असेल तर, बाळगायला बंदी आहे, आणि आपल्याकडे पण असा चाकू खिशात सापडला तर 'पेरू कापायला' हे कोणी ऐकून घेणार नाही. शिवाय पातं लांब, मूठ वाकडी, कांदा कापायला पण निरुपयोगी. तेलाचा हात फिरव आणि ट्रंकेत ठेव.

सायकलवाल्या धारवाल्याकडून चांगल्या चाकूला धार लावून घेऊ का?

विळीला, कात्रीला बिनधास्त. चांगल्या चाकूला नको. त्याचं चाक कोरडं आणि फास्ट फिरतं, ठिणग्या उडतात तेव्हा धार तापत असते, आणि कडेला निळसर झाक दिसली की पोलादाला दिलेलं पाणी उतरलं समजा, मग कितीही घासा, आठवड्यात बोथट. हजार ग्रिटचा, म्हणजे बारीक दाण्याचा, दगड आणा, पाण्यात भिजवा, पातं दगडाला पंधरा-वीस अंशांत तिरकं धरा आणि दोन्ही बाजूंनी सारखं घासा. प्रवासात दगड नसला तर चिनी मातीच्या कपाची बुडाची खरखरीत कड चालते. आमच्याकडे ही कामं जुन्या, कान तुटलेल्या कपावर होतात, कारण एकदा मी चांगल्या सेटमधला घेतला होता.